डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं

३ डिसेंबर
बोंबला! माझा शेवटचा चेक, म्हणजे विमान उडवण्याची परीक्षा, कॅप्टन उल्हासच घेणार. त्यांची सही झाली की मी खरीखुरी फर्स्ट ऑफिसर, नाहीतर पुन्हा ट्रेनिंग! आज विमान हलवण्याआधी मी पोपटासारखं "राइट क्लिअर!" ठोकून दिलं. लगेच सरांचं बोट उजवीकडे — "अगं, म्हणतेस की बघतेस?" मान वळवलीच नव्हती. एक जेवणाची गाडी उभी होती. लांब होती, पण होती!

४ डिसेंबर
दिल्लीत आम्ही राहतो त्या मुनिरकाच्या गल्लीतही डावी-उजवी बघून मोठ्याने "क्लिअर!" म्हणतेय. रूममेट रसिका ओरडली, "लोक बघतायत यार!" तेवढ्यात उलट्या बाजूने ई-रिक्षा. दोघी थोडक्यात वाचलो.

७ डिसेंबर
सर खूश! त्यांच्या बायकोने, नीलाकाकूंनी केलेल्या चकल्यांचा अख्खा डबाच दिला मला.

पण एक विचित्र झालं. विमान मागे ढकलणारी गाडी, टग, सुटला की खालचा माणूस सरांच्या, म्हणजे डाव्या बाजूला येऊन चाकातून काढलेली लाल फितीची पिन उंच धरतो. ती दिसल्याशिवाय विमान तसूभर हलवायचं नाही. सर "पिन दिसली" म्हणाले, तेव्हा तो अजून चाकापाशी वाकलेला होता! टोकू की नको? तेवढ्यात त्याने पिन दाखवली, सुटले.

नंतर सर आपणहून म्हणाले, "धुकं फार!" ऊन लख्ख पडलं होतं.

९ डिसेंबर
उद्या चेक. रसिका म्हणते, "आधी सही घे, मग बोल." पटतंय, तरी डबा उघडून तेच आठवत बसलेय. तो माणूस वाकलेला होता! आणि चकल्या इतक्या छान आहेत, शी!

१० डिसेंबर
"पिन दिसली. लेफ्ट क्लिअर."

दिसली कुठली! टगसुद्धा निघाला नव्हता. तोंडातून गेलंच — "सर, म्हणताय की बघताय?"

मेले! सरांचा हात ब्रेकच्या मुठीवर तसाच राहिला. मग रेडिओवर शांतपणे म्हणाले, तब्येत बरी नाही, दुसरा कॅप्टन पाठवा. उतरताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चेक गेला. मी मूर्ख आहे.

११ डिसेंबर
सरांचा मेसेज. "मेडिकलला स्वतःहून सांगून आलो. डावा डोळा कधीपासून दगा देतोय, लपवत होतो. उडणं संपलं. सहीला दुसरे कॅप्टन येतील. माझ्याकडून तू कालच पास."

रसिका विचारतेय, मग रडतेस कशाला? नीलाकाकूंचा डबा परत द्यायला जायचंय. जाऊ कोणत्या तोंडाने?