बंद दाराआडचा गणपती

किचनर, ६ एप्रिल २०२५

तीर्थरूप ताईस,
रवींद्राचा शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲप उघडत नाहीस. सबब टपालखात्याला हे कष्ट. भाऊजींची राहून गेलेली टोकियोची सहल तू बुक केलीस आणि आता कॅन्सल करतेस, असे आमची सौ. चित्रा सांगत होती. कारण काय, तर एकटीने जाऊन काय बघायचे!

आरामखुर्चीतून न उठता ज्या नगरीविषयी मी प्रकांड अधिकार संपादन केला आहे, तिचे माहात्म्य श्रवण कर. मूळची ही एदो नावाची कोळ्यांची वस्ती, पुढे सेनापतींची राजधानी. अग्निनारायणाने तिचे वारंवार भक्षण केले, भूकंपाने तिला लोळवले, महायुद्धात आकाशातून आग बरसली. दर वेळी ही बाई पदर खोचून उभी राहिली. आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी खणले, तर मी तीन आठवडे विलाप केला होता.

शिवाय तिथे आपला गणपती आहे, जपानी अवतारातला, आसाकुसा भागाजवळच्या टेकडीवर. दर्शन घे. चित्रा मोदक देईल, ते भाऊजींच्या नावाने ठेव. ते गेल्यापासून तुझ्याकडे गणपती बसला नाही. मखर बेसमेंटमध्ये विंटर टायर्सच्या सहवासात तपश्चर्या करते आहे. पूजेला यजमान नाही, ही तुझी अडचण. त्या पदासाठी अस्मादिक सिद्ध आहेत.

लोभ असावा, उपदेश नसला तरी निभावेल.

तुझा प्रसंगोपात्त आज्ञाधारक,
रवींद्र


टोकियो, १४ मे २०२५

चि. रवींद्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आले एकदाची. इथे रस्त्यावर कचरापेटी नाही आणि कचराही नाही. वॉशरूममधले आसन ऊबदार असते. व्हिटबीचे बर्फाळ हिवाळे काढलेल्या बाईच्या डोळ्यांत त्याने पाणी आणले. आसाकुसाच्या मोठ्या देवळात चिठ्ठीवर भविष्य मिळते. माझे वाईट निघाले, तर ते तिथेच तारेला बांधून यायची सोय! आपल्याकडे ते घरी आणावे लागते.

तुझा गणपतीही सापडला. पण दर्शन नाही. मूर्ती कायम बंद दाराआड, भक्तांना दिसतच नाही. तुझ्या आरामखुर्चीने हे कळवले नव्हते. नैवेद्य मोदकांचा नव्हे, मुळ्याचा. मी डबा पुढे केला, तर तिथल्या बाईंनी हसून, वाकून तो परत माझ्याच हाती दिला आणि मुळे कुठे मिळतात ते दाखवले. देवळात जिथे तिथे एकमेकांत गुंतलेले दोन मुळे कोरलेले. अर्थ विचारला, तर त्यांनी फोनवर भाषांतर करून दाखवले: नवराबायकोतला जिव्हाळा. आतली मूर्तीही म्हणे दोघांची, गळामिठी घातलेली.

तुला आठवते ना, मी मुळा किसायला घेतला की हे भर जानेवारीत घरभर खिडक्या उघडून मफलर गुंडाळून बसायचे? देवळाच्या पायरीवर मी एवढी हसले की एका आजोबांनी पाणी आणून दिले.

मुळा वाहिला. निघताना देवापुढचा एक मुळा प्रसाद म्हणून मिळाला. हॉटेलच्या खोलीत मीठ लावून सगळा खाल्ला. खिडकी उघडणारी नव्हती.

चित्राला सांग, मोदक उत्तम होते. तेही मीच संपवले.

मृणालिनी


किचनर, २९ मे २०२५

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लंबोदराने मोदक सोडून हा कंदमूलीय पंथ केव्हा स्वीकारला, याविषयी मी अनभिज्ञ होतो. पराभव मान्य. परंतु मूळ प्रश्न अनिर्णित राहतो: यंदा गणपती बसणार की नाही? पूजेसाठी मी ऑनलाइन सोवळे मागवले आहे. ते कमरेला पुरत नाही, हा दोष सोवळ्याचा. चित्राच्या मते मला मंत्रांपैकी फक्त स्वर येतात. तरी पाटावर बसायला अन्य पुरुष आहे कोण?

कृपादृष्टी ठेवावी, शक्यतो उजव्या डोळ्याची.

रवींद्र


व्हिटबी, ८ जून २०२५

चि. रवींद्रास,
अनेक आशीर्वाद.

मखर वर आणले. एक खांब टायरखाली चेपला होता, तो चिकटवला.

गणपती बसेल. पूजा मी करणार, पाटावर मी बसणार. मंत्र मला ऐकून ऐकून पाठ आहेत. हे चुकायचे त्या जागांसकट. सोवळे परत कर. मोदक चित्राकडे. नैवेद्याच्या पानात मुळ्याची कोशिंबीर मी वाढणार आहे.

तू मात्र सकाळी लवकर ये. खिडक्या उघडायला माणूस लागेल.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

ताई