जिथं कोणी राहत नव्हतं

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग उतरलेला नाही. आज तो लिहून काढायला बसले आहे.

तुम्ही शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी ओसरीवर शिकवणी घ्यायचे. मी आत ज्वारी निवडत ऐकायची. "एखाद्या मुलखात माणसं दाटीनं का राहतात?" तुम्ही विचारलंत की मुलं एका सुरात सांगायची: काळी माती, बारमाही पाणी, रेल्वे, बाजार. एखादा चुकला की छडी बसायची.

मग प्लेग आला. नागपुरात, इतवारीतल्या आपल्या गल्लीत उंदीर मरून पडू लागले आणि आजी गेली. तेव्हापासून तुम्हाला माणसांच्या दाटीचा वीट आला. चांद्याकडच्या जंगलात कोणी मालगुजार कसायला जमीन देत होता, म्हणून तुम्ही नोकरी सोडलीत. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "इतकी जमीन मोकळी पडून राहिली, तं तिथं लोक काहून नाही राहत, हे तरी विचारा कोणाले."

"बायकाइले काय समजते त्यातलं? चूप राह्य."

आईने भाकरी उलटली.

लोक का राहत नव्हते ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं. विहिरीचं पाणी गढूळ झालं. बाजार दिवसभराच्या वाटेवर, आणि मध्ये नाला. माझ्या धाकट्या भावाला हिवताप भरला, तेव्हा तुम्ही बंडी जुंपलीत. नाल्याला पूर आलेला. बैल पाण्यात उतरत नाहीत, तुम्ही त्यांना मारता आहात, आणि आई धाकट्याला मांडीवर घेऊन पलीकडे हाका मारते आहे. "कोणी आहे का गा तिकडं?" पलीकडे नुसता साग. पूर ओसरायच्या आत तो गेला.

आपण नागपूरला परतलो. बंडी गल्लीत थांबते न थांबते तोच शेजारची कोष्टीण माग सोडून धावत आली. "काय झालं वं बाई?" कोणी भात आणला, कोणी आईचं डोकं मांडीवर घेतलं. इतके दिवस कोरडी राहिलेली आई तिथे पहिल्यांदा रडली. दाटीचं हे कारण तुम्ही कोणत्याच मुलाला कधी शिकवलं नाहीत.

तुम्ही मात्र पुन्हा शाळेत लागलात. पुन्हा ओसरीवर तोच प्रश्न, तीच उत्तरं, तीच छडी, आणि आत आई ऐकते आहे. एकदा तरी उठून तिला म्हणायचं होतंत, "तुझं खरं होतं." ती वारली तेव्हा भेटायला आलेल्यांना तुम्ही सांगत होतात की जंगलाच्या हवेनं तिची तब्येत खालावली. हवेनं! मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. ते तुमच्या अंगावर फेकावेसे वाटले होते.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी मी धाडलं नसतं. कारण एक गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नाही. तिथे गेल्यावर पाऊस लागेपर्यंत मी रोज केस मोकळे सोडून त्या उघड्या रानात धावत असे. बघायला, हटकायला कोणी नव्हतं. तेव्हा मी फार सुखात होते, बाबा.