पाइप गळून राह्यला

प्रिय बाबा,

हाताला पेट्रोलचा वास आहे, तो कागदालाही लागेल. लागू द्या. आदिलाबादची बस यायला अजून तास आहे, तेवढ्यात लिहून काढतो. उद्या पुन्हा ऑफिस, आणि आज रविवारचाही आराम नाही. थकलो बाबा.

तुमची मोटारसायकल आज सुरू केली. तुमी गेल्यापासून वर्षभर घरापुढच्या सपरीत उभी होती. बेला गावच्या एका माणसाला द्यायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, चालू असेल तरच नेतो. म्हणून सकाळीच पेट्रोलचा पाइप बदलायला बसलो. जुना पाइप पार तुराटीसारखा झाला होता, हात लावला की तुकडा पडे.

नवा आणायची गरजच पडली नाही. तुमच्या पत्र्याच्या पेटीत दोन सापडले. मीच आणून दिलेले! कागदातून काढलेसुद्धा नव्हते तुमी.

रागच आला मला. चार वर्षं तुमचं एकच, "गाडी नाही काढत रे, पाइप गळून राह्यला." लग्नाला चला म्हटलं तरी तेच, फाट्यावर घ्यायला या म्हटलं तरी तेच. त्या उन्हाळ्यात दोन पिशव्या घेऊन फाट्यापासून चालत आलो, तेव्हा तर मी ओरडलोच. पाइप आणून दिला तरी बदलत काऊन नाही? आळशी झाले तुमी, असं आईसमोर म्हणालो. तुमी मान खाली घालून गाडी पुसत राह्यले. फडकं हातातून पडलं, तेही मी पाहिलं. उचलून दिलं नाही.

तर आज नवा पाइप काही केल्या चढेना. आई आतून पातेल्यात गरम पाणी घेऊन आली. टोक यात बुडव, मऊ झालं की चढते, म्हणाली. तुला हे कोणी शिकवलं, मी विचारलं. पूर्वी दर वेळी तुमच्यासोबत तीच पाइप धरून बसायची म्हणे. मला कुठं माहीत होतं! मग ती उंबऱ्यावर बसली आणि हळूच म्हणाली,

"पाइप नोता गळत रे. हात थरथरत होते त्याईचे. क्लच दाबल्या जाये ना. तुले सांगू नोको मने, पोरगा गाडी इकून टाकते."

बाबा, मला सांगायचं ना! मी विकली असती काय?

खरं सांगतो, विकली असती. तुमी मला बरोबर ओळखलं होतं. आणि मी तुमाला आळशी म्हणालो. ते आता कुठं नेऊन ठेवू?

गाडी सहाव्या किकला लागली. पाइपच्या दोन्ही टोकांना बोट लावून पाहिलं, कोरडं होतं. आई न विचारताच मागे बसली. तिला फाट्यापर्यंत नेऊन आणलं. उतरल्यावर ती बराच वेळ सीटवर हात ठेवून उभी होती.

तेवढ्यात बेल्याच्या माणसाचा फोन आला. गाडी न्यायला निघू काय, विचारत होता. मी म्हणालो, "नका येऊ भाऊ, पाइप गळून राह्यला."

आई हसली बाबा. वर्षानं हसली.

दर रविवारी तिला फाट्यापर्यंत नेत जाईन, हा शब्द देतो. आणि गाडी मागायला कोणीही येवो, आपला पाइप गळतच राहील.

तुमचा,
विनायक