दोनशे अकरा अंगठे

आदिलाबाद,
दि. २५ नोव्हेंबर १९५६, रविवार

प्रिय मित्र केशवराव मास्तर यांना भगवंतरावाचा सप्रेम नमस्कार.

इकडं आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी पडल्यापासून जयवंताबाईचे गुडघे धरतात, माझा खोकला आहे तसाच. तुमचं पत्र तुमच्याकडच्या तामसीच्या बसच्या कंडक्टरनं गुरुवारी हातात दिलं. उत्तराला तीन दिवस लावले, राग मानू नका.

काय लोक आहेत हो! सतरा वर्षं ज्यानं गावच्या पोरांचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली, त्याच मास्तरला चोर म्हणतात? म्हणे मास्तरनं अंगठ्यांचा कागद मधल्यामध्ये कुणाला तरी विकला, म्हणून आपलं गाव आंध्रात गेलं! पोरं शाळेत पाठवणं बंद, तुम्ही चावडीवर गेलात की लोक उठून जातात. वाचून डोकं फिरलं माझं. आणि आळ घेणारा कोण, तर उद्धवराव पाटील! त्याच्या दोन्ही पोरांना पाढे कोणी शिकवले, विचारा त्याला. तुम्ही लिहिलंत, "वकीलसाहेब, कागद दिल्लीला पोचल्याची पोच तेवढी पाठवा, म्हणजे मला गावात तोंड दाखवता येईल." त्या पोचेचं पुढं लिहितो.

आधी खरा चोर कोण ते ऐका. त्या राज्य-पुनर्रचना कमिशनला देश नव्यानं मांडायचा होता, भाषेभाषेचा. ठीक. पण मोजमाप कोणतं धरलं? जिल्हा! सबंध जिल्हा उचलायचा आणि ठेवायचा, पोतं ठेवावं तसा. गावात चुलीपाशी कोणती भाषा बोलतात, हे बघायला कोण आलं होतं? बरं, जिल्हा मोडता येत नाही म्हणावं, तर किनवट तालुका तोडून मुंबई राज्यात घातलाच की! म्हणजे तोडता येत होतं. फक्त आमच्यापाशी येऊन सुरी बोथट झाली.

जगात सगळीकडं असं नाही झालं, मास्तर. जर्मनी आणि डेन्मार्कच्या मध्ये श्लेस्विग म्हणून मुलूख आहे. पहिल्या महायुद्धानंतर, सन १९२० मध्ये, तिथल्या लोकांना सरळ विचारलं, तुम्ही कोणाकडं राहता? बायामाणसांनीसुद्धा मतं टाकली. उत्तरेकडचे डेन्मार्ककडं गेले, त्याच्या खालचे जर्मनीत राहिले, आणि तशी सरहद्द आखली. आयर्लंडात उलटं झालं. इंग्रजांनी तहात लिहून दिलं की सरहद्द रहिवाशांच्या इच्छेप्रमाणं ठरेल, आणि पुढं शेपूट लावलं, अर्थकारणाला आणि भूगोलाला मानवेल तेवढीच. कमिशन बसलं, अहवाल लिहिला, आणि इंग्रजांचं एक नि आयर्लंडच्या दोन भागांची दोन, अशा तिन्ही सरकारांनी मिळून तो दाबून टाकला. पण निदान इच्छा हा शब्द तरी कागदावर आला होता. आपल्या घटनेचं तिसरं कलम उघडा. संसदेनं राज्याच्या विधानसभेचं मत घ्यायचं, बस. ते मानायचं असं कुठं आहे? आणि गाव तर त्यात नाहीच. वर गेल्या डिसेंबरात दुरुस्ती करून विधानसभेलाही मुदत घातली. मुदतीत बोललात तर बोललात, नाही तर तुमच्यावाचून काम उरकलं. अरे, मुदत काय घालता लोकांना? पिढ्यान्‌पिढ्या गप बसलेल्या माणसाला तोंड उघडायला वेळ लागतो!

इथवर लिहिलं आणि जयवंताबाई चहा घेऊन आली. म्हणाली, "पोचेचं लिहिलं काय?" म्हटलं, लिहून राह्यलो. ती म्हणाली, "तीन दिवसांपासून डेन्मार्कच लिहून राह्यले तुमी. त्या मास्तरले काऊन छळता?"

मास्तर, पोच नाही. कागद गेलाच नाही. तो माझ्या पेटीत आहे.

अडीच वर्षांमागं, एप्रिलात, तुम्ही तो माझ्याकडं आणून दिलात. घरोघर, शेतोशेत फिरून घेतलेले दोनशे अकरा अंगठे. सोबत अर्धं पान मजकूर होता, तुमच्या वळणदार अक्षरात: आमी मराठी बोलतो, आमाले मराठी मुलखात राहू द्या. ते वाचून मी हसलो होतो, आठवतं? म्हटलं, असल्या कागदाला दिल्लीत कोण विचारतं, दाखले पाहिजेत. मग बसलो लिहायला. दहा पानं झाली, तीस झाली. श्लेस्विगच्या मतांचे नेमके आकडे मिळेनात, म्हणून हैदराबादेहून पुस्तक मागवलं. आकड्यांशिवाय दरख्वास्त पाठवली तर तिथले बॅरिस्टर हसतील, अशी मला धास्ती. पुस्तक आलं तेव्हा कमिशनकडं दरख्वास्त पाठवायची मुदत संपून दीड महिना झाला होता.

तरीही पाठवता आली असती. "उशीर झाला, मेहेरबानी करावी" एवढं लिहायची मला लाज वाटली. आणि बसस्टँडवर तुम्ही विचारलंत, तेव्हा मी म्हणालो, पोचलासुद्धा असेल. तुम्ही त्याच बसनं परत गेलात आणि गावभर सांगितलंत की कागद पोचला.

एका गावाच्या कागदानं सरहद्द हलली नसती, असं कोर्टात मी म्हटलं असतं. पण तो माझा बचाव झाला. तुमच्या नावाला लागलेला डाग त्यानं जात नाही. आयर्लंडचा अहवाल दाबणाऱ्यांना वर बोल लावला, तो मलाच लागू आहे. उद्धवरावाला बोललो तेही परत घेतो. बिचाऱ्याचा अंगठा पहिला आहे, आणि कोणीतरी दगा दिला हे त्यानं बरोबर ओळखलं. माणूस तेवढा चुकला.

आता काय करायचं ते लिहितो. अंगठ्यांचा मूळ कागद सोबत आहे, तो सगळ्यांना दाखवा. शाळेसाठी एक दरख्वास्तही जोडली आहे. घटनेत याच महिन्यापासून कलम ३५०-अ आलंय, लहान पोरांना मातृभाषेतून शिकवायची सोय राज्यानं करावी म्हणून. "प्रयत्न करावा" असं लिहिलंय लबाडांनी, तरी धरायला तेवढं पुरे. दरख्वास्त अर्ध्या पानाची आहे, तुमच्याच शब्दांत. तिच्यात एकही परदेश नाही.

आणि हे पत्र चावडीवर मोठ्यानं वाचा, एक ओळ न गाळता. मला वाचवायला जाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तसं करू नका. बुधवारी मी स्वतः येतो. लोकांना जे बोलायचं ते मला समोरासमोर बोलू दे, पण या खेपेला माझ्या आधी कागद पोचू दे.

एक राहिलं. अंगठे घेताना म्हातारी सोजरबाई काय म्हणाली होती, ते तुम्हीच मला हसत सांगितलं होतं. "सहीवाल्याचा भरोसा नाई मास्तर, तो उद्या म्हनते माही नोहे. अंगठा कुठं पलटते?" त्या कागदाच्या तळाशी माझ्या सहीला जागा ठेवली होती, मसुदा पुरा झाला की ऐटीत करणार होतो. ती कोरीच आहे आणि आता कोरीच राहू द्या.

या पत्रावरही मी सही करत नाही. वाचून झालं की हा कागद सोजरबाईच्या हातात द्या.

तुमचा अपराधी,
भगवंतराव
निशाणी डाव्या हाताचा अंगठा