पाठीवरची जागा

आबा, परवा धाकट्याला मी पाठीवर घेतलं. तुम्ही गेल्यापासून त्याला कुणी पाठीवर घेतलं नव्हतं. कुबड्यांवर तो चिंचपोकळीचा पूलसुद्धा चढतो आणि कुणी हात पुढे केला तर चिडतो.

पोलिओने त्याचे पाय गेले तेव्हा तुम्ही त्याला आणि आईला मुंबईला आणलंत, मला गावी काकीकडे ठेवलंत. शाळा गावात होती, पाय धड होते, म्हणजे माझं सगळं ठीक होतं. गिरणीची पाळी सुटली की तुम्ही त्याला पाठीवर घेऊन परळच्या हॉस्पिटलात नेता, येताना भजी घेऊन देता, हे आईकडून कळायचं. गणपतीला तुम्ही सगळे यायचात. एसटीतून उतरलं की तो तुमच्या पाठीवर आणि मी मागे बांधावरून, डोक्यावर ट्रंक. एकदा म्हटलं, मलाही घ्या ना थोडं. तुम्ही वळलासुद्धा नाहीत. "तुका देवान पाय दिले हत. चल." मी चाललो. देवापुढे हात जोडताना पायांबद्दल आभार मानायची सवय तेव्हापासूनची, पण त्या आभारात भक्तीपेक्षा रुसवा जास्त असतो.

शाळा संपल्यावर मीही मुंबईला आलो. इथे लालबागला गणपतीच्या मंडळात मी कितीतरी वर्षं आहे. कुठे पूर आला की मंडळाचा ट्रक जातो. तो भरायचा आणि माल वाटायचा मान माझा. तेवढी एक जागा माझी होती. तिथे कुणी आधी धाकट्याची चौकशी करत नसे. यंदा आपल्या कोकणात नदी बाजारपेठेत शिरली आणि धाकटा मंडळाच्या बैठकीला येऊन बसला. म्हणाला, "तुम्ही देवळापाशी ट्रक लावता, भोंग्यावर पुकारता. जो लाईनीत येतो त्याला मिळतं. आमच्यातला कोण येणार रे लाईनीत?" मी म्हटलं, शेजारी नेतात की त्यांचं. तो हसला. "मला काय पाहिजे ते शेजाऱ्याला काय ठाऊक, दादा?"

अध्यक्षांना पटलं. इतकी वर्षं आम्ही सगळं एका गोणीत बांधून देत होतो. गेल्या गणपतीच्या मंडपाचं गुलाबी कापड पडून होतं, त्यातून धाकट्याने लांब पट्ट्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या. गळ्यात अडकवली की कुबडीवाल्याचे हात मोकळे. सगळ्यांनी वाहवा केली. ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा नेहमी माझी. ती त्याला दिली. मी मागे तांदळाच्या कट्ट्यांवर बसलो. अख्खा घाट मी नामस्मरण करत होतो आणि जळत होतो.

तिथे पोचल्यावर त्याने अर्धा माल उतरूच दिला नाही. आधी घरोघर विचारायचं, आत कोण राहिलंय. एका गल्लीत कळलं की माळ्यावर एक बाई आहे. तिच्या कमरेखाली जीव नाही. पाणी चढलं तेव्हा भावांनी उचलून वर ठेवलं, ती अजून वरच. गल्लीत चिखल, कुबड्या रुतत होत्या. मी म्हटलं, मी देऊन येतो. तो म्हणाला, "मला तिच्याशी बोलायचंय. घे मला."

बाईने पिशवी गळ्यात घालून पाहिली, हसली. आणखी काही हवंय का, मी विचारलं. नको, सगळं आहे म्हणाली. मग धाकट्याने हळू आवाजात विचारलं, "संडासचं कसं करता?" ती त्याचा हात धरून रडू लागली. तिची संडासला बसायची खुर्ची पुरात वाहून गेली होती. तेव्हापासून ती पाणीसुद्धा घोट घोट पीत होती. आमच्या ट्रकमध्ये डाळ, चादरी, मेणबत्त्या, सगळं होतं. तसली खुर्ची नव्हती. धाकट्याने तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. आणि मी भिंतीला टेकून विचार करत होतो, की तिने धरला तो हात माझा का नाही. असला विचार, आबा, अशा घरात.

परत येताना तो पुन्हा माझ्या पाठीवर होता. मग माझ्या कानाशी म्हणाला, "आबांची आठवण आली ना, की चेहरा नाही येत आधी. मान येते. मानेवर तीळ होता बघ, केसांच्या खाली. आठवतो तुला?"

तुमचा चेहरा मला पाठ आहे. गणपतीच्या दिवसांत मी तो वर्षभर पुरेल इतका बघून ठेवायचो. पण तुमच्यामागून चालताना माझ्यासमोर कायम त्याची पाठ असायची.

खुर्ची पोचली. बाईचा फोन आला, तोही त्यालाच. हे लिहिलेलं देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवतोय, तिथून पुढे ते कुठे जाणार.

मी त्याला म्हटलं, हो, आठवतो की. आबा, तो तीळ मी कधी पाहिलेला नाही.