तुझा देश सोबत आणलास काय?

गोरेगाव, मंगळवार, दिवेलागणीला

आज दुपारी पुन्हा भूकंपाचा हादरा बसला. दुकानातली सगळी भांडी खणखणली, पातेल्यांच्या फळीवरचा एक गंज खाली पडला. आमच्या ह्या गावाकडच्या भागात हे आता अंगवळणी पडलंय. कोणी बाहेर पळत न्हाई, उलट हसतात. मीही हसलो. समोर कर्णाची चायनीजची गाडी. नेपाळचा आहे, तीन वर्षं झाली इथं. त्याला ओरडून म्हणालो, "काय रे कर्णा, तुझा देश सोबत आणलास काय?" आख्खी पेठ हसली. कर्णाही हसला. पण गाडीचा खांब त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

तो खांब काही डोळ्यांपुढून जाईना. सगळे पांगल्यावर त्याच्याकडं गेलो. विचारलं, तिकडच्या भूकंपात तुझं काही गेलं काय? कोबी चिरता चिरता त्याच्या हिंदीत म्हणाला, आई गेली. पोरगी पण. चार वर्षांची होती.

"आपके यहाँ ज़मीन हिलके रुक जाती है, शेठ. हमारे यहाँ नहीं रुकी."

आपल्या हादऱ्यांवर आपण हसतो, तर त्याच्या देशाच्या हादऱ्यांवरही हसलं तर काय बिघडलं, असं मला वाटलं होतं. पण आपलं पडलं काय? एक गंज. तोही उचलून परत फळीवर ठेवला.

विचारायला नको होतं, तरी विचारलं. "मग मघाशी हसलास काहून?"

त्यानं परत तो खांब धरला.

"सब हँस रहे थे, शेठ."