महिपतीचं रविवारचं मैदान

सोलापूर
ता. ५ सप्टेंबर १९७६

तीर्थरूप आबांस मथुराचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी आणि गोजरमावशी खुशाल. मावशी म्हणते, तुम्ही पाठवलेली ज्वारी संपत आली, पण मथुराची भूक काही संपत नाही.

आम्हा कॉलेजच्या मुलामुलींचा रविवारचा वर्ग अखेर सुरू झाला. आपल्या महिपतीदादासारखी, वयानं वाढलेली पण मनानं लहान राहिलेली माणसं मैदानावर येतात आणि आम्ही त्यांचा व्यायाम घेतो. येतात मोजकीच. पेठांमधून फिरून आम्ही घरोघरी विनवतो, पण बरेच जण दारातूनच सांगतात की आमच्याकडे तसं कुणी नाही.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. बालवाडीत आणावेत तसे आम्ही फुगे आणले होते. गुरम्मा नावाची चाळिशीची बाई आहे, तिनं फुगा माझ्या हातात परत दिला आणि पाठ फिरवून बसली. तिची आई कानडीत काय बोलली ते सगळं कळलं नाही, पण माझी मान खाली गेली. आता फुगे बंद, लेझीम सुरू. कुणाला कानडी कळते, कुणाला तेलुगू, कुणाला उर्दू. आमच्या सूचना फुकटच जायच्या. हलगी वाजली की मात्र सगळ्यांचे पाय उचलतात.

आबा, दुसऱ्यांच्या भावांना शिकवताना माझा जीव तुटतो. दादाला थोडे दिवस पाठवा ना.

तुमचा लोभ माझ्यावर आहेच, थोडा माझ्या म्हणण्यावरही असावा.

तुमची लेक,
मथुरा


मंगळवेढा
ता. १७ सप्टेंबर १९७६

चि. मथुरा हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं कौतुक वाटतं, पण महिपतीला पाठवायला मन धजत नाही. पेरणीचं निमित्त सांगणार होतो, पण तुला खोटं कशाला लिहू. जत्रेत पोरांनी त्याची केलेली थट्टा मी विसरलेलो नाही. तुझी आई गेल्यापासून तो माझ्या नजरेआड झालेला नाही. त्याचा रुसवा तिथं कुणाला कळणार? माझ्यामागं त्याचं कसं होईल, या घोरानं आधीच झोप लागत नाही.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं हे मात्र चुकलं. मथीकडं जायाचं हाय म्हणून काल तो धोतराचं गाठोडं घेऊन एसटीच्या थांब्यावर जाऊन बसला. त्याला हाताला धरून परत आणताना माझंच मन मला खाऊ लागलं. दिवाळी झाली की आणून सोडतो. एकच महिना, जास्त हट्ट करू नकोस.

मावशीला नमस्कार. लोभ आहे, तो मागावा लागत नाही.

तुझे आबा


सोलापूर
ता. २८ नोव्हेंबर १९७६

तीर्थरूप आबांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

दादा पहिले काही दिवस तुमच्यासाठी रडला. आता रडत नाही. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल की वाईट, कळेना, तरी लिहिते.

घरोघरी फिरताना आता तो बरोबर असतो. तसं कुणी नाही म्हणणारी माणसं दारात दादाला बघतात आणि मग आतून कुणाला तरी बाहेर आणतात. चांदसाबनं आपला थोरला भाऊ हुसेनसाब असाच आणला. शेजाऱ्यांनीही त्याला कधी पाहिलं नव्हतं. इतकी माणसं झाली की रांग दुहेरी करावी लागते.

महिना सरत आला. त्याला राहू द्याल का? रागावलात तरी पत्र टाका.

तुमची हट्टी,
मथुरा


मंगळवेढा
ता. १६ डिसेंबर १९७६

चि. मथुरा हीस आशीर्वाद.

गेल्या रविवारी मी सोलापुरात आलो होतो. महिपतीला घेऊन जायचं ठरवूनच निघालो, म्हणून तुला कळवलं नाही. मैदानाबाहेर उभा राहिलो. रांगेतला शेजारचा माणूस गोंधळून थांबला तेव्हा महिपतीनं त्याचा हात धरून त्याला पाऊल दाखवलं. आजवर मीच त्याचा हात धरत आलो. त्यानं कुणाचा धरलेला पहिल्यांदा पाहिला. हाक मारली असती तर तो सगळं टाकून धावत आला असता, म्हणून मारली नाही. तसाच एसटीनं परत आलो.

ज्वारी चांगली आली आहे. घरात मात्र करमत नाही. माझ्यामागं त्याचं कसं होईल, एवढाच घोर मी इतकी वर्षं केला. तो नसला की माझं कसं होईल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

त्याला राहू दे. संक्रांतीला दोघं या. तो नको म्हणाला तर ओढून आणू नकोस. तसं आधी कळव, म्हणजे मी वाट बघणार नाही. बघेनच, पण कळव.

तुम्हा दोघांचा,
आबा